दाखल्यावरील एक शब्द : ‘इंडियन’

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याजवळ शाळा सोडल्याचा दाखला आहे. त्यावर ‘राष्ट्रीयत्व’ हा एक रकाना असतो. मराठीत आपण तेथे ‘भारतीय’ लिहितो, इंग्रजीत ‘इंडियन’. रोजच्या वापरामुळे या शब्दाकडे आपले लक्ष जात नाही.

एकदा आठवीच्या वर्गात इंग्रजी अर्ज भरून घेत असताना या रकान्यात एकाने ‘भिल्ल’ लिहिले, दुसऱ्याने ‘बौद्ध’ आणि तिसऱ्याने ‘इंडिया’. त्या दिवशीचा इतिहासाचा तास मी याच तीन उत्तरांवर घेतला.

तिसऱ्याची चूक व्याकरणाची होती. ‘इंडिया’ हे देशाचे नाव. ‘इंडियन’ हे त्यापासून झालेले विशेषण आणि त्या देशाच्या माणसाचे नामही. म्हणून इंग्रजीत त्याचे पहिले अक्षर नेहमी मोठे लिहावे व एका व्यक्तीविषयी बोलताना आधी ‘ॲन’ लावावे. पहिल्या दोघांनी लिहिलेले खोटे नव्हते. फक्त जमात आणि धर्म यांचे रकाने वेगळे आहेत.

या शब्दाचा उगम सिंधू नदीत आहे. इराणी लोकांच्या उच्चारात ‘सिंधू’चे ‘हिंदू’ झाले, ग्रीकांनी ‘इंदोस’ म्हटले आणि लॅटिनमधून ‘इंडिया’ इंग्रजीत आले. 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला व आपण इंडीजला पोहोचलो, असे समजला. त्यामुळे तेथील मूळ रहिवाशांनाही ‘इंडियन’ हे नाव चिकटले. त्यांच्यापैकी ज्यांना तोवर नागरिकत्व नव्हते, त्यांना अमेरिकेने ते 1924 च्या कायद्याने दिले. भूमीचे पहिले रहिवासी नागरिक मात्र शेवटी ठरले! सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण ही गोष्ट विसरू नये.

‘रहिवासी’ आणि ‘नागरिक’ यांतील भेदही जाणून घ्यावा. देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. परंतु आधार हे रहिवाशाची ओळख पटविते. तो क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे 2016 चा आधार कायदाच सांगतो. नागरिकत्वाचा आधार संविधानाची कलमे 5 ते 11 आणि 1955 चा नागरिकत्व कायदा हा आहे. म्हणून पालकांना विनंती, की ऊसतोडीसाठी गुजरातेत असताना मूल जन्मले, तर जेथे जन्म झाला तेथेच 21 दिवसांच्या आत नोंद करावी, आणि दाखल्यावरील नाव व जन्मतारीख वेळीच तपासून घ्यावी.

कागदावर ‘इंडियन’ लिहिणे सोपे आहे. बाबासाहेबांनी 1938 मध्ये मुंबईच्या विधानसभेत सांगितले होते, की आपली निष्ठा प्रथम भारतीय आणि अंतीही भारतीयच असावी. त्याच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे ठरतील? आपण राष्ट्र झालोच आहोत, असे मानणे हा भ्रम आहे. बंधुतेवाचून राष्ट्र घडत नाही. या दोन विधानांत विरोध नाही. पहिल्यात ध्येय आहे, दुसऱ्यात तेथवर जाण्याची अट.

ती अट पुरी करण्याचा अभ्यास आपल्या भोजनगृहात रोज होतो. भिल्ल, पावरा, मावची, बौद्ध, सगळी लेकरे एका पंगतीत बसतात आणि आळीपाळीने एकमेकांना वाढतात. ‘इंडियन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशापेक्षा तेथे अधिक नीट कळतो.

त्या दिवशी पहिल्या मुलाने खोडरबर हातात घेऊन विचारले, “सर, मग भिल्ल पुसून टाकू?” मी त्याला खालचा रकाना दाखवला आणि म्हणालो, “बाळा, येथून काढ व तेथे लिही. तुझी दोन्ही नावे खरी आहेत.”