अध्ययन अक्षमता आणि अभ्यासाची वाट

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाविषयी आपल्या घरांत दोनच निदाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. एक तर तो आळशी आहे, नाही तर मठ्ठ आहे. आणि यांपैकी कोणतेही निदान एकदा मुक्रर झाले, की उपायही ठरलेलाच असतो : आणखी एक शिकवणी, पहाटेचा आणखी एक तास आणि शेजारच्या मुलाच्या गुणपत्रिकेचे उदाहरण. ज्या मुलाची बुद्धी सामान्य किंवा त्याहून सरस असूनही वाचन, लेखन वा गणन यांपैकी एखादी क्रिया त्याला वयाच्या मानाने साधत नाही, त्या अध्ययन अक्षम मुलाच्या बाबतीत मात्र हे निदान चुकते आणि उपायही व्यर्थ जातो. कारण जी वाट त्याला बिकट आहे, त्याच वाटेवर आपण त्याला अधिक वेळ चालवीत राहतो.

ही अवस्था आजकालची नव्हे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा खेळात चपळ, बोलण्यात हुशार, परंतु साधे साधे शब्द वाचताना अडखळणारा. आणि सगळे शिक्षण तोंडी दिले तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरेल, असा त्याच्या मास्तरांचा अभिप्राय होता. त्या मास्तरांना जे दिसले ते आपल्या पालकांना दिसत नाही, याचे कारण आपल्याकडे शहाणपणाची परीक्षा बहुतांशी कागदावरच होते.

बालबोध लिपी उच्चारानुसारी आहे, तेव्हा मराठी वाचण्यात अडचण ती कसली, असे अनेकांना वाटते. परंतु 'दिवस' लिहिताना पहिली वेलांटी 'द'च्या आधी काढावी लागते आणि उच्चारात ती नंतर येते. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी उच्चारला जातो आणि लिहिताना तो 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत तर रेघेचाच काय तो फरक. अंकांची गोष्टही तशीच. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. 'एकोणतीस' ऐकताना कानावर तीस पडतात आणि कागदावर तिनाचा पत्ता नसतो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी संख्यावाचनाची पर्यायी रीत दिली, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. परंतु गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ज्या अडचणीकडे बोट दाखविले होते ती खरीच होती, आणि गणनदोष असलेल्या मुलाला ती दुप्पट भासते.

तेव्हा पहिले काम योग्य तपासणीचे. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी, मानसशास्त्रज्ञाने घ्यावयाची बुद्धिमापन चाचणी आणि विशेष शिक्षकाने घ्यावयाची शैक्षणिक चाचणी, इतके सोपस्कार पार पडल्यावर सरकारी वा महापालिकेच्या रुग्णालयातून दाखला मिळतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे केंद्र या कामी अनेक वर्षे परिचित आहे. वयाची आठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी असा दाखला दिला जात नाही. परंतु त्याआधी मदत सुरू करण्यास कोणाचीही हरकत नसते, आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितकी फलदायी ठरते. दाखला घेतल्याने मुलावर शिक्का बसेल, अशी भीती पुष्कळ पालकांना वाटते. परंतु वर्गात त्याच्यावर 'ढ' असा शिक्का आधीच बसलेला असतो, आणि तो पुसण्याचे सामर्थ्य याच कागदात असते.

दाखला हाती आला म्हणजे अभ्यास झाला असे नव्हे. खरा उद्योग तेथून पुढे सुरू होतो. समजा, इतिहासाचा दहा पानांचा पाठ आहे. वाचनदोष असलेला विद्यार्थी तो एकट्याने वाचू लागला, तर परिच्छेदाच्या अखेरीस पोहोचेपर्यंत त्याची सारी शक्ती अक्षरे जुळविण्यातच खर्ची पडते आणि आरंभी काय होते ते विसरते. त्याऐवजी ताईने किंवा आईने तो पाठ मोबाईलवर सावकाश वाचून ध्वनिमुद्रित करावा. मुलाने तो ऐकत असता ओळीखाली पट्टी धरून शब्दांवरून बोट फिरवावे. एका परिच्छेदानंतर थांबून तो स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगावा, आणि मगच वहीत चारपाच शब्दांची टाचणे काढावीत. कान, डोळा, वाणी आणि हात यांना एकाच वेळी कामास लावण्याचे हे तत्त्व सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रूढ केले, आणि विशेष शिक्षक आजही त्याचाच अवलंब करतात. गणितात ज्याचे हातचे आणि स्थाने सरकतात, त्याने चौकटींच्या वहीत एका घरात एकच अंक लिहावा. पाढे पाठ होत नसतील तर तक्ता समोर ठेवून उदाहरणाची रीत शिकावी, कारण पाढ्यासाठी अडून बसल्याने भूमिती शिकायची राहून जाते. एका बैठकीस वीसपंचवीस मिनिटे पुरेत. थकलेल्या मुलाला तासन्‌तास बसवून ठेवण्याने पालकांचे समाधान होते, अभ्यास होत नाही.

परीक्षेतील सवलतींबाबत महाराष्ट्राचे पाऊल पुष्कळ आधी पडले; 1996 पासूनच येथे शालान्त परीक्षेस अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळू लागल्या, तर केंद्राच्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश होण्यास 2016 साल उजाडले. तासाला वीस मिनिटे वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका माफ, गणकयंत्राची मुभा, अशा या सवलती आहेत. परंतु सरावाविना त्यांचा उपयोग होत नाही. लेखनिकाला उत्तर सांगणे ही स्वतंत्र कला आहे. मनात वाक्य पूर्ण जुळवून, विरामचिन्हांसह, ते सावकाश उच्चारावे लागते. तेव्हा सहामाहीपासूनच तिचा सराव करावा. आणि कागदपत्रांत बेफिकिरी नसावी. 2021 साली नीट परीक्षेस बसलेल्या, लेखनदोष असलेल्या एका विद्यार्थिनीला तिचा हक्काचा वाढीव तास परीक्षा केंद्रावर नाकारण्यात आला आणि दाद मागण्यासाठी तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, पण गेलेला तास काही परत आला नाही. म्हणून अर्ज मुदतीत करावा, त्याची पोच घ्यावी आणि केंद्रावर जाताना मंजुरीचा कागद सोबत न्यावा.

आता व्यवसायाचा विचार. अशा मुलांच्या पालकांना थोर शास्त्रज्ञांची आणि नटांची नावे ऐकवून धीर देण्याची प्रथा आहे. तिने घटकाभर बरे वाटते, मार्ग मात्र दिसत नाही. त्यापेक्षा ज्या व्यवसायाकडे मन ओढते, त्यात रोज दिवसभर प्रत्यक्षात काय करावे लागते, हे जाऊन पाहावे. हॉटेलचे स्वयंपाकघर, मोटार दुरुस्तीची शाळा, ॲनिमेशनचा स्टुडिओ, आयटीआयमधील वीजतंत्रीचा वर्ग येथे हाताची आणि नजरेची हुशारी लागते. वकिलीत वाचन अफाट, पण ज्याला युक्तिवादाची आवड आहे आणि मजकूर ऐकून ग्रहण करण्याची सवय लागली आहे, त्याला तोही दरवाजा बंद नाही. एक सावधगिरी मात्र हवीच : दहावीला गणिताऐवजी सोपा पर्याय घेतला, तर गणितावर आधारलेले काही मार्ग पुढे बंद होऊ शकतात, तेव्हा ही सूट घेण्यापूर्वी मुलाला विश्वासात घेऊन विचार करावा. नेहमीच्या शाळेचा वेग झेपत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत पाच वर्षांच्या मुदतीत विषय थोडेथोडे करून परीक्षा देता येते. दाखल्यावर चाळीस टक्के वा अधिक अक्षमता नमूद असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी असलेल्या किमान पाच टक्के राखीव जागांवरही हक्क सांगता येतो.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे, की आपल्याला कोणत्या रीतीने समजते हे स्वतः ओळखावे आणि शिक्षकांना न लाजता सांगावे. उत्तम विद्यार्थी होण्याचा आरंभ तोच. आणि पालकांना विनंती ही, की दहावीचा अर्ज भरण्याची वेळ येईपर्यंत थांबू नये. शंका आली असेल, तर तपासणीसाठीचा अर्ज याच महिन्यात करावा.