ओपनडब्ल्यूआरटीसाठी राउटर कोणता?

प्रश्न : ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली टाकायची असेल तर राउटर घेताना काय पाहावे?

उत्तर : खोक्यावर ठळक छापलेला वेग या कामी फारसा उपयोगाचा नाही, आधी पाहायची ती फ्लॅश आणि रॅम. किमान १६ एमबी फ्लॅश व १२८ एमबी रॅम असावी. ४ एमबी फ्लॅशचे जुने राउटर स्वस्तात मिळतात, पण त्यांत नवी आवृत्ती मावत नाही. मग वायफायची चिप. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपांना चांगले मुक्त ड्रायव्हर आहेत; ब्रॉडकॉमच्या बाबतीत मात्र महागडा राउटरही बिनवायफायचा डबा ठरू शकतो.

खरी फसगत मॉडेलच्या नावात असते. ज्यावरून ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाला नाव मिळाले, त्या लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जीच्या चौथ्या आवृत्तीत ४ एमबी फ्लॅश व १६ एमबी रॅम होती. पाचवीत दोन्ही निम्म्यावर आल्या आणि लिनक्सही गेले. नाव तेच! म्हणून राउटर उलटा करून तळाच्या लेबलवरचा बारीक आवृत्ती क्रमांक वाचावा आणि प्रकल्पाच्या यादीत नेमका तोच शोधावा.

एवढा खटाटोप नको असेल तर २०२४ साली आलेला ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर आहे : १ जीबी रॅम, शिवाय सॉफ्टवेअर बिघडल्यास सावरायला वेगळी फ्लॅश. लॅनचा पोर्ट मात्र एकच, त्यामुळे स्विच वेगळा घ्यावा लागतो.