आज कुठी झोपशीन?

युरोपात पाठीवर पिशवी टाकून, काहीही न ठरवता महिनोन्‌महिने हिंडणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून यवतमाळ, दारव्हा, पुसदकडची पोरं मला फोन करतात. नोकरी सोडू का, असं विचारतात. मी त्यांना आधी विचारतो, व्हिडिओतल्या माणसाचा पासपोर्ट कुठला? बहुतेक वेळा तो ऑस्ट्रेलियाचा नाहीतर कॅनडाचा निघतो. तो विमानातून उतरतो आणि आत जातो. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. त्या अर्जात कुठे राहणार, किती दिवस राहणार, पैसे कुठून येणार आणि परत कधी जाणार, सगळं लिहून द्यावं लागतं. बेत न आखता हिंडायचं असलं तरी आपल्याला आधी कागदावर अख्खा बेत आखावा लागतो. यावर चिडून उपयोग नाही. अर्ज नीट भरावा.

'महिनोन्‌महिने' हेही आपल्यापुरतं खोटंच. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि त्या सगळ्यांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तेवढे दिवस मिळतीलच असंही नाही. व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात : व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालेल, आणि त्या मुदतीत प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. मुदत दोन महिन्यांची दिसली म्हणून दोन महिने राहायला मिळाले असं समजू नका. दिवसांचा आकडा वाचा. प्रवेश एकदाच की अनेकदा, तेही तिथेच लिहिलेलं असतं. प्रागच्या हॉस्टेलात मला नाशिककडचा एक मुलगा भेटला होता. त्याच्याकडे ब्रिटनचाही व्हिसा होता, म्हणून मधेच चार दिवस लंडनला मामेभावाकडे जाऊन आला. आला म्हणजे, यायला निघाला. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा तो बाहेर पडला त्याच क्षणी संपला होता. विमानतळावर त्याला परतीच्या विमानात बसू दिलं नाही. त्याची अर्धी पिशवी प्रागमध्येच राहिली आणि तो लंडनहून थेट मुंबईला गेला.

ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून तिथला घ्यायचा आणि तिथे पाऊलच ठेवायचं नाही, असा सल्ला एजंट देतात. ऐकू नका. सीमेवरचा अधिकारी बुकिंग, परतीचं तिकीट, पैसे, काहीही दाखवायला सांगू शकतो. फुकटात रद्द करता येईल असं खरं बुकिंग करा, बनावट तिकीट कधीच नको. प्रौढांची व्हिसा फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज नाकारला तर ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. तो केवळ अर्जासाठी घेतला असं समजू नका. पाय मुरगळला तर तिथला दवाखाना काय घेतो ते कळतं.

हे झालं कागदांचं. आता खरा थकवा कशाचा येतो ते सांगतो.

पहिला आठवडा मजेचा जातो. सकाळी स्टेशनवर जायचं, फलक पाहायचा, वाटलं त्या गाडीत बसायचं. पण रोज सगळंच ठरवावं लागतं : कुठे जायचं, कशाने जायचं, झोपायचं कुठे, खायचं काय, कपडे कुठे धुवायचे. एकट्या माणसाला हे कुणावर ढकलता येत नाही. काही आठवडे गेले की डोकं ठरवायचं नाकारतं. मग समोर दिसेल ते महागडं सँडविच घेतो, मिळेल त्या महाग खोलीत पडतो, आणि तिसऱ्या शहरातलं चौथं चर्च पाहताना आपण इथे का आलो ते आठवत नाही. लोक याला एकटेपणा म्हणतात. मला विचाराल तर तो निम्मा शीण असतो.

माय रोज फोनवर एकच विचारायची, "आज कुठी झोपशीन?" तिला रोम आणि रोमानिया सारखंच. मला त्या प्रश्नाचा वैताग यायचा. ऑगस्टच्या मध्यावर मी इटलीत होतो. आपल्याकडे १५ ऑगस्टला झेंडावंदन, तिथे त्याच दिवशी फेरागोस्तो, अख्ख्या देशाची सुट्टी. दुकानं बंद, समुद्राकाठच्या सगळ्या खाटा भरलेल्या. ती रात्र मी स्टेशनबाहेरच्या बाकावर काढली. वाईट काही घडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी झोपेच्या धुंदीत उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि चष्माही त्याच गाडीत राहिला. एका खाटेचे पैसे वाचले, चष्म्याचे गेले. तेव्हापासून दुपारी दोनच्या आत रात्रीची खाट पक्की करायची आणि मग उरलेला दिवस मोकळा सोडायचा, असा नेम मी ठेवला. मायला तेवढंच हवं होतं.

न ठरवता हिंडण्याची हौस जिथे खरंच भागते अशी एक वाट आहे : स्पेनमधली सांतियागोची यात्रा. फ्रान्समधल्या सां-झाँ-पिए-द-पोर या गावातून निघणारा रस्ता जवळपास ७८० किलोमीटरचा. वाटेभर पिवळे बाण असतात, नकाशा लागत नाही. यात्रेकरूचं एक पुस्तक घ्यायचं, गावोगावी त्यावर शिक्के मारून घ्यायचे. मुक्कामाच्या धर्मशाळांना 'अल्बेर्गे' म्हणतात. बहुतेक सरकारी अल्बेर्गेत आगाऊ बुकिंग नसतं. जो आधी पोचेल त्याला खाट, तीही सहसा एकाच रात्रीपुरती. सकाळी आठपर्यंत बाहेर पडावंच लागतं. वारी पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. इथे एकटा निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत एकटा राहत नाही. पूर्ण चालायचं नसेल तर शेवटचे १०० किलोमीटर चाललात तरी सांतियागोला प्रमाणपत्र मिळतं. ओझं मात्र स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या वर नको.

रेल्वेच्या पासाबद्दल थोडं. आपल्याला युरेल पास मिळतो. तो असला की कुठेही बसा, असं जाहिरात पाहून वाटतं. पण फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना जागा राखून ठेवण्याचे वेगळे पैसे पडतात. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना लागत नाहीत. एटीएमवर 'रुपयांत घ्यायचे का?' असं विचारलं तर नाही म्हणा, युरोतच घ्या; रुपयांचा दर ते आपल्या सोयीने लावतात. एका देशाचं सिम युरोपीय संघात सगळीकडे चालतं, स्वित्झर्लंडमध्ये चालेलच असं नाही. पासपोर्ट हरवला तर दूतावास घरी परतण्यापुरता कागद देतो, म्हणजे भटकंती तिथेच संपते. म्हणून तो पिशवीत नाही, अंगावर ठेवायचा.

आमच्यासारख्या पऱ्हाटीच्या घरातल्यांना एप्रिल-मे बरा. वेचणी उरकलेली, वावर रिकामं, आणि तिकडे गर्दीही कमी. परतीचं तिकीट मृगाच्या आधीचं काढा. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे खाटा महाग आणि इकडे निंदणीला माणूस नाही, मग तुमचं फिरणं बाबांच्या कमरेवर निघतं.

आणि एवढं सगळं करण्याआधी यवतमाळच्या एसटी स्टँडवर जा. महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. सात दिवसांचा घ्या, एकटेच निघा, कुणाच्या ओळखीच्या घरी उतरू नका. कळंबचा चिंतामणी, पैनगंगेवरचं सहस्रकुंड, मग पुढे वाटेल तिकडे. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला मात्र पायी भटकू नका, तिथे वाघ आहेत. शेवटची गाडी चुकली, धर्मशाळेत जागा नाही आणि फोनही मेला, की आपण काय करतो ते पाहा. पांढरकवड्यात रडकुंडीला आलात तर युरोपला खुशाल गटाबरोबर जा. त्यात कमीपणा नाही, जेवणही वेळेवर मिळतं.