‘वय झालं’ हे निदान नव्हे

आमच्या अण्णांनी परळीजवळच्या खेड्यात आयुष्यभर शेती केली. आई गेल्यावर त्यांना पुण्याला नेलं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांचा जीव रमेना. “मला वैजनाथाच्या पायाशी ठेव, दुसरं काही मागत नाही,” म्हणाले. म्हणून परळीतल्या एका वृद्धाश्रमात त्यांची सोय केली. आश्रमामागच्या मोकळ्या जागेत मेथी, पालक, वांगी लावलेली होती. अण्णा सकाळ-संध्याकाळ अनवाणी त्या वाफ्यांत रमायचे. त्यांना काम मिळालं, या समाधानात मी निर्धास्त झालो.

दीड वर्षानं दिवाळीला गेलो, तर चार पायऱ्या चढताना अण्णा दोनदा थांबले. चेहरा पांढुरका, पायांवर सूज, जेवणावरची वासना उडालेली. व्यवस्थापक म्हणाले, “आता वय झालं, चालायचंच.” मीही मान डोलावली. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि मी पुण्याला परतलो. जानेवारीत अण्णा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन 5.8 निघालं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. काही आठवडे बरे गेले आणि तीन महिन्यांत रक्त पुन्हा सातवर आलं.

तेव्हा त्यांना अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. “बाबा अनवाणी कुठं फिरतात? संडास तपासलाय का?” तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि मीही नाही. लागोपाठ तीन दिवसांचे नमुने दिले. पहिल्या दोनांत काही नव्हतं, तिसऱ्यात अंकुशकृमीची अंडी दिसली. आतड्यात व्रण किंवा गाठ नाही ना, हे दुर्बिणीनं पाहून घेतलं. म्हाताऱ्या माणसाचं रक्त कमी होत असेल, तर जंत सापडले म्हणून ती तपासणी टाळायची नसते.

अंकुशकृमी लहान आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एकेक कृमी दिवसाला सुमारे 0.15 ते 0.2 मिलीलिटर रक्त घालवतो. असे शंभर असले, तर महिन्याला अर्धा लिटर रक्त जातं. अंडी विष्ठेतून ओल्या, सावलीच्या मातीत पडतात, तिथं अळ्या होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर इजिप्तमध्ये अळ्यांचं पाणी चुकून सांडलं, तेव्हा हा मार्ग जगाला कळला. म्हणजे या कृमीसाठी नुसते हात धुणं पुरत नाही.

आश्रमाच्या मागं जाऊन पाहिलं, तर शौचखड्डा पावसाळ्यात भरून वाहायचा आणि ते पाणी थेट भाजीच्या वाफ्यांत मुरायचं. मग सगळ्याच आजी-आजोबांची तपासणी करायला लावली. आणखी दोघांना अंकुशकृमी निघाला, चौघांना जिआर्डिया नावाचा परजीवी. जिआर्डिया अशुद्ध पाण्यातून पसरतो आणि अस्वच्छ हातांनीही. परळीत पाणी जपून वापरायची सवय हाडात भिनलेली आहे. 2015-16 च्या दुष्काळात तर पाण्याअभावी इथलं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेली माणसं हात धुताना तांब्याभर पाणीसुद्धा वाचवतात. आश्रमातही एकाचा लंगोट बदललेल्या हातावर घोटभर पाणी घेऊन सेवा करणाऱ्या मावशी दुसऱ्याला भरवायला बसत. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

अण्णांना महिनोन्‌महिने पोटाचा त्रास होता. मी विचारलं, “सांगितलं का नाही, अण्णा?” म्हणाले, “दुसऱ्याच्या हातानं धुवून घ्यायचं बाबा, त्यात आणखी काय सांगू?” ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

आता अण्णांचं हिमोग्लोबिन साडेअकरा आहे. आश्रमानं खड्डा दुरुस्त केला, वाफे दुसरीकडे हलवले. पण जे मी उशिरा शिकलो, ते तुम्ही आधीच करावं म्हणून सांगतो.

पहिलं, जुलाब, आव, पोट फुगणं, वजन घटणं, धाप, माती खावीशी वाटणं, यातलं काहीही दिसलं तर संडास तपासा. अंडी प्रत्येक नमुन्यात सापडतातच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या. डबी कोरडी व स्वच्छ हवी, लघवी-पाणी मिसळू देऊ नका आणि नमुना लवकर प्रयोगशाळेत पोचवा.

दुसरं, मनानं गोळी देऊ नका. अल्बेंडाझोलनं अंकुशकृमी जातो, पण आवेचा अमिबा जात नाही. कृमी गेले तरी रक्त भरून यायला लोहाच्या गोळ्या काही महिने लागतात.

तिसरं आणि गंभीर, स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक कृमी शरीरातच पिढ्या वाढवत कित्येक दशकं लपून राहतो. दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू केलं, की तो अंगभर पसरून जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे शेतात अनवाणी राबलेल्या माणसाला स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो साध्या तपासणीत अनेकदा निसटतो, त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

चौथं, पिण्याचं पाणी चांगलं खदखदून उकळा. सॅनिटायझरवर विसंबू नका, त्यानं जिआर्डिया मरत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, जेवणाआधी, शौचानंतर आणि प्रत्येक लंगोट बदलल्यावर. नखं कापलेली असावीत, कच्च्या पालेभाज्या नीट धुतलेल्या असाव्यात. एकाला जंत निघाले, तर बाकीच्यांची आणि सेवा करणाऱ्या मावशींचीही तपासणी करा. त्यांना दोष देऊ नका, साबण द्या आणि शिकवा.

दर 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अंगणवाड्या-शाळांतून 1 ते 19 वर्षांच्या मुलांना गोळी मिळते. फार चांगलं काम आहे ते. पण सत्तरी ओलांडलेल्यांसाठी असा दिवस नाही. त्यांची आठवण आपणच ठेवायची.

म्हणून पुढच्या वेळी आश्रमात जाल, तेव्हा फळं जरूर न्या. पण आधी त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू लाल आहे की पांढरी, ते बघा. पायात चप्पल आहे का, बघा. मग जवळ बसून, दार लावून, हळूच विचारा, “पोट कसं आहे?” आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.