लिस्बन पाहावं, पण आपल्या क्रमाने

भाची लिस्बनला नोकरीला लागली आणि माझं त्या शहरात जाणंयेणं सुरू झालं. आता ओळखीपाळखीतलं कुणी तिकडे निघालं की फोन येतो, ‘काय काय बघायचं ते सांगा.’ याद्या पैशाला पासरी मिळतात. मी सांगते ते क्रमाचं. हे शहर पाहुण्यापुढे आपला एक ठरलेला क्रम ठेवतं. आधी बेलेंचा मनोरा, मग अठ्ठावीस नंबरची ट्राम, मग कुठल्यातरी टेकडीवरून सूर्यास्त. त्या क्रमाने गेलात तर फोटो उत्तम येतात, पण शहराने जे पुढे मांडलं तेवढंच पाहून परत येता. म्हणून माझा क्रम असा.

१. पहिल्या दिवशी शहर सोडून पलीकडे जा.

काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून काशिल्यशला जाणारी फेरीबोट पकडा. कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची बोट आहे, वाहतुकीच्या साध्या कार्डावर चालते, दहाएक मिनिटांत तेजो नदी ओलांडते. उतरलात की मागे वळून बघा. उजव्या हाताला किल्ल्याची टेकडी, मधल्या सखल भागात पाण्याला भिडलेला मोठा चौक, डावीकडे लाल झुलता पूल. १९६६ मध्ये हा पूल खुला झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचा ‘२५ एप्रिल’ पूल झाला. गोव्याहून निघालेली जहाजं महिनोन्‌महिने समुद्रात काढून याच पात्रात शिरत. लिस्बनचं तोंड पाण्याकडे आहे. विमानतळावरून मेट्रोने शहरात शिरणाऱ्याला ते मागच्या दाराने भेटतं.

२. भूकंपाआधीचं शहर आधी बघा, मग नंतरचं.

माद्रे द देउश या जुन्या मठात फरश्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे साधारण १७०० च्या सुमाराचा, सुमारे २३ मीटर लांबीचा निळ्या-पांढऱ्या फरश्यांचा पट आहे आणि त्यात नदीकाठचं अख्खं लिस्बन : राजवाडा, चर्चं, मठ, गोद्या. (उघडं आहे ना, हे आधी तपासा. सोमवारी इथली बरीच संग्रहालयं बंद असतात.) तो पट डोळ्यांत असतानाच खाली बाइशा भागात या. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या असताना जमीन हादरली. मागोमाग नदीतून लाटा आल्या आणि उरलंसुरलं आगीने नेलं. पटातला राजवाडा त्यातच गेला. जिथे तो होता तो चौक म्हणजे आजचा प्रासा दु कोमेर्सिउ, पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘राजवाड्याचं पटांगण’च आहे.

पुढे पोंबाल या प्रधानाने आणि मानुएल द माया या ऐंशीच्या घरातल्या लष्करी इंजिनिअरने काटकोनातले रस्ते आखून नवं शहर उभं केलं. सोनारांचा रस्ता, चांदीकामवाल्यांचा, चांभारांचा, अशी रस्त्यांची नावं धंद्यांवरून पडली. मला सगळ्यात आवडतं ते मात्र बाहेरून दिसत नाही. दगडी भिंतींच्या पोटात तिरप्या आडव्या लाकडांचा पिंजरा बसवलेला आहे. पुन्हा धक्का बसला तर दगड ढासळतील, पिंजरा उभा राहील, हा हिशेब. रुआ दुश कोर्रेएइरुशवर एका बँकेच्या इमारतीखाली, रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या हौदांशेजारी, पोंबालच्या काळचे पायातले पाइनचे खांबही दाखवतात. भपकेबाज राजवाडे युरोपात पुष्कळ आहेत. धडा घेतलेलं शहर बघायचं तर हे तळघर बघा.

३. चढाशी भांडू नका.

फुटपाथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी तुकड्यांचे असतात, पाऊस पडला की साबण लावल्यासारखे. रबरी तळाचे बूट हवेतच. अठ्ठावीसची ट्राम सकाळी लवकर, नाहीतर सोडून द्या; दुपारी तिच्यात पाकीटमारांची चंगळ असते. किल्ल्याकडे चढायचं असेल तर रुआ दुश फांकेइरुशवरच्या एका इमारतीत नगरपालिकेची फुकट लिफ्ट आहे. रांगेतल्या पर्यटकांना तिचा पत्ता नसतो.

४. साँव दोमिंगुशमध्ये जाऊन बसा.

रोसिउ चौकाला लागून हे चर्च आहे. १९५९ मध्ये ते आतून जळालं. डागडुजी केली, पण तडकलेले, भाजलेले खांब तसेच ठेवले. याच चर्चमध्ये १५०६ च्या ईस्टरच्या दिवसांत वाद पेटला आणि जमावाने बाटवलेल्या ज्यूंची कत्तल केली. त्यांचं छोटं स्मारक बाहेरच्या चौकात आहे, ते उभारलं गेलं २००८ मध्ये, म्हणजे पाचशे वर्षं उलटल्यावर. स्मारकाभोवती आज पश्चिम आफ्रिकेतून आलेली माणसं गप्पा मारत उभी असतात. थोडं पुढे मोरारीया आणि मार्तीं मुनीश. तिथे बांगलादेशी वाणसामानाची दुकानं लागतात, कोथिंबीर-मिरची मिळते, पोरं बंगालीत भांडत असतात. साम्राज्य संपल्यावर लिस्बन कसं जगतं ते इथे दिसतं.

५. खाण्याचं.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारींनी काल्दु व्हेर्द या पालेभाजीच्या सूपला भुलू नये, वर चोरीसची चकती तरंगत असते. ‘सोपा द लेगुमश’ मागा. काउंटरवरचा तिकोनी ‘शामुसा’ गोवा-मोझांबिकच्या वाटेने इथे पोचला. त्यात बहुधा खिमा किंवा कोंबडी असते. जूनमध्ये संत अंतोनियोच्या सणाला गेलात तर गल्लोगल्ली सार्डीन भाजतात आणि बारीक पानांच्या तुळशीवर्गातल्या रोपाच्या कुंड्या विकतात. त्या रोपाला नाक लावायचं नाही. पानांवरून तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. भाचीच्या शेजारीणबाईंनी मला त्यावरून दटावलंच होतं.

६. तुरुंग बघा.

हे ऐकून फोनवरची माणसं गप्प होतात. पण कॅथेड्रलजवळचा आल्जूब हा सालाझारच्या राजवटीतला राजकीय तुरुंग होता, २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. आणि मराठी माणसाने तर काश्काइशच्या गाडीतून जाताना काशियश स्टेशन आलं की खिडकीबाहेर बघावंच. गोवामुक्तीच्या लढ्यातले मोहन रानडे इथल्या तुरुंगात होते. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये सुटला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी इकडे जिवाचं रान केलं होतं. काश्काइशला पोहायला निघालेल्यांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. आपल्याला असावं.

त्या राजवटीचा शेवट बघायला कार्मुच्या चौकात जा. २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान काइतानु इथल्या छावणीत अडकून पडला आणि संध्याकाळी शरण आला. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशन खोवली होती. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते त्यानंतर, डिसेंबर १९७४ च्या करारात. शेजारीच १७५५ ला छत गमावलेलं चर्च तसंच उघडं उभं आहे.

७. आता बेलें.

मिरी-मसाल्यांवरच्या पाच टक्के कराने उभा राहिलेला जेरोनिमुश मठ आता वेगळा दिसेल. आत वास्को द गामाची कबर आहे. तो मेला कोचीला, १५२४ मध्ये. नदीकाठचं दर्यावर्दींचं थोरलं स्मारक १९६० सालचं आहे, म्हणजे ते उभारून दीड वर्षही झालं नाही तोच गोवा हातचा गेला. मनोऱ्याच्या एका बुरजाखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं कोरलंय, ते बाहेरूनच शोधा. गुजरातच्या सुलतानाने दिलेला हा गेंडा आल्बुकेर्कने १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढवला. इथे राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवलेला तो गेंडा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. ड्यूररने त्याला कधी पाहिलंही नाही आणि तरी त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं.

मग इथल्या १८३७ पासूनच्या दुकानात पास्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री, खा. दारातली लांब रांग पार्सलवाल्यांची असते. आत मोठमोठ्या खोल्या आहेत, बसून खाणाऱ्याला जागा लवकर मिळते. वर दालचिनीची पूड मागून घ्या.