हिरवा दिवा लागला होता, तरी काँप्युटर बंद पडला

१ जून २०१७ चा शेतकरी संप ज्या पुणतांब्यातून सुरू झाला, तिथे आता शेतकऱ्याची बरीच कामे एका काँप्युटरपाशी येऊन थांबतात. सातबारा, दाखले, पीकविमा. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. त्यात जुलै म्हणजे वादळी पावसाचे, वीज जाण्या-येण्याचे दिवस.

अशाच एका रांगेत मी होतो. वीज गेली आणि काँप्युटर त्याच क्षणी काळा पडला. अर्धवट भरलेला अर्ज गेला. वीज आल्यावर विंडोजही सुरू होईना. केंद्र चालवणारा मुलगा गोंधळून म्हणाला, “काका, यूपीएसचा दिवा तर हिरवाच होता!”

बहुतेक साध्या यूपीएसवर तो दिवा एवढेच सांगतो, की लाइन चालू आहे. बॅटरी जिवंत आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ एएचची सीलबंद बॅटरी असते. तिचे आयुष्य २०–२५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि साधारण दर दहा अंशांच्या वाढीला ते निम्म्यावर येते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, वर दुकानाला पत्रा. मग तीन-चार वर्षांची बॅटरी दीड-दोन वर्षांत बसली, तर नवल नाही.

म्हणून महिन्यातून एकदा सगळे काम सेव्ह करून, काँप्युटर चालू असतानाच बोर्डावरचे बटण बंद करावे. पिन उपसू नये, नाहीतर अर्थिंगही तुटते. किती मिनिटे चालते, ते वहीत लिहावे. मिनिटे झपाट्याने घटू लागली की बॅटरी बदलायची वेळ आली. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीच लावू नये. त्याचा गरम होणारा भाग एका झटक्यात शेकडो वॅट ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो.

घरात मोठा इन्व्हर्टर असला की यूपीएस कशाला, असे अनेकांना वाटते. काँप्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, विजेशिवाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल, तर बॅटरीवर जायला त्याला याहून जास्त वेळ लागू शकतो आणि काँप्युटर रीस्टार्ट होतो. अनेक इन्व्हर्टरना मागच्या बाजूला यूपीएस मोडचे बटण असते. ते आधी पाहावे. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, तेही खुणेपर्यंतच. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

एक धोका मात्र यूपीएसच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि त्याबद्दल गावात पुरेसे बोलले जात नाही. ट्रान्सफॉर्मरची न्यूट्रल तुटली, तर २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. एका घरात दिवे डोळे दिपवतात, शेजारी मंद होतात. असे दिसले की यंत्रे वाचवण्याच्या नादी न लागता आधी मेन स्विच पाडावा आणि वायरमनला कळवावे. जास्त दाब आल्यावर पुरवठा आपोआप तोडणारे उपकरण मीटरजवळ बसवून घेणे एका काँप्युटरच्या किमतीपुढे स्वस्तच पडते. अर्थिंगकडेही बघावे: गोदाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते. खड्ड्यात पाणी घालत राहावे.

नवी बॅटरी बसवताना तिच्यावर मार्करने तारीख लिहून ठेवावी. जुनी भंगारात न विकता दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि शिशाच्या जुन्या बॅटरीबद्दल नवीच्या किमतीत सूटही बहुतेकदा मिळते.