पावसाळ्यापूर्वी पिकअपच्या टायरची निवड

पासली व वेल्हे परिसरात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो. खते, भात वाहणारी पिकअप वळणावर घसरल्यास मालाबरोबर जिवालाही धोका असतो. म्हणून शेतकरी बंधूंनी मे महिन्यातच टायर तपासावेत.

१) नक्षीची खोली : कायद्याने किमान १.६ मि.मी. खोली लागते. तथापि खाचांतून पाणी बाहेर पडावे म्हणून खोली ३ मि.मी. राहताच टायर बदलावा.

२) प्रकार : चिखलाच्या वाटेसाठी मागील चाकांना खोल आडव्या खाचांचे, तर मुख्यतः डांबरी रस्त्यासाठी मिश्र नक्षीचे टायर घ्यावेत. एकाच आसावर रेडियल व साधा टायर बसवू नये. थंड देशांतील हिवाळी टायर मऊ रबराचे असतात. ते आपल्याकडे लवकर झिजतात.

३) खरेदी : आकार व भारक्षमता गाडीच्या पुस्तिकेनुसार असावी. टायरवरील चार अंकी तारीख पाहावी. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा.

४) हवा : टायर थंड असताना तपासावी. कमी हवेवर भरलेली गाडी चालविल्यास टायर तापून फुटतो.

रिकामी पिकअप मागून हलकी असल्याने लवकर घसरते. माल उतरविल्यावर परततानाही वेग कमीच ठेवावा.